पाडव्याआधी एक वही लिहा

माझे काका, म्हणजे धाकट्या मावशीचे यजमान, तीन वर्षांपूर्वी जानेवारीत गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. तेरावं उरकल्यावर मी आणि मावसभाऊ त्यांचं कपाट उघडून बसलो. वरच्या कप्प्यात चार बँकांची पासबुकं होती. खाली एका पतसंस्थेच्या तीन ठेव पावत्या, रबराने बांधलेले विम्याचे बॉण्ड (त्यांतल्या दोघांची मुदत केव्हाच संपलेली) आणि एक मोबाइल. त्याचं कुलूप कसं उघडायचं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. मावशी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ते सगळं हे बघायचे रे."

काका निष्काळजी नव्हते. आयुष्यभर त्यांनी कर वेळेवर भरला, कुणाचा रुपया बुडवला नाही. पण हिशेब सगळा डोक्यात होता. डोक्यातला तो हिशेब कागदावर उतरवायला आम्हाला चौदा महिने लागले. किती शाखा, किती अर्ज आणि मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती, ते मोजणंही पुढे सोडून दिलं.

म्हणून नवं वर्ष जवळ आलं आणि 'पैशांचं नियोजन' हा शब्द कानावर पडला, की मी गुंतवणुकीपासून सुरुवात करत नाही. आधी बघायचं की आपल्या पैशांचा हिशेब दुसऱ्या माणसाला उलगडता येईल का. परतावा एक टक्का कमी-जास्त झाला तर घर बुडत नाही. ठेव आहे हेच कुणाला माहीत नसेल, तर ती अख्खी जाते.

आपल्याकडे वर्ष तीनदा बदलतं. कॅलेंडरचं जानेवारीत, घराचं पाडव्याला आणि सरकारी हिशेबाचं १ एप्रिलला. शेवटची दोन बहुतेकदा शेजारी-शेजारी येतात. २०२५ मध्ये तर पाडवा ३० मार्चला होता. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करून नवी वही उघडतात. पगारदार, शेतकरी, निवृत्त माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका, आपण सगळ्यांनी गुढीपाडव्याआधी तेच करायला काय हरकत आहे? शंभर पानी साधी वही पुरते. एक रविवार आणि त्यानंतरच्या तीन-चार संध्याकाळी.

वहीत काय उतरवायचं

पहिलं साधन म्हणजे पासबुक. गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी भरून आणा आणि ओळ न ओळ वाचा. दर महिन्याला किंवा वर्षातून एकदा आपोआप वळती होणारी प्रत्येक रक्कम कशाची ना कशाची खूण असते. कुठे एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा जाणारा हप्ता निघेल, कुठे विमा, कुठे विसरलेलं आवर्ती ठेवीचं खातं.

मे महिन्याच्या आसपास ४३६ रुपये आणि २० रुपये कापले गेले आहेत का, हे मुद्दाम बघा. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. खातेदार कोणत्याही कारणाने गेला तर घरच्यांना २ लाख मिळतात. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, त्यात अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. बँकेत कधीतरी एका फॉर्मवर सही केलेली असते आणि ती पुढे विसरली जाते. मागे राहिलेल्यांना हा विमा आहे हेच माहीत नसेल, तर दावा करणार कोण? काकांच्या पासबुकात ४३६ ची नोंद होती. ती आम्हाला चौथ्या महिन्यात दिसली, तीही दुसरंच काही शोधताना.

पगारदारांच्या बाबतीत अशीच एक न दिसणारी गोष्ट आहे. पीएफ कापला जात असेल, तर त्याला जोडून ईडीएलआय नावाचा विमा असतो. त्याचा हप्ता मालक भरतो, कर्मचाऱ्याच्या पगारातून काही जात नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळू शकतात. पगाराच्या पावतीवर याची नोंद नसते, म्हणून वहीत हवी.

दुसरं साधन म्हणजे पॅन. आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की 'एआयएस' नावाचं वार्षिक विवरण मिळतं. आपल्या पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, कुठल्या कंपनीने लाभांश दिला, ते त्यात दिसतं. आपण विसरलेलं खातं तिथे बहुतेकदा सापडतं. म्युच्युअल फंड आणि डिमॅट (शेअर ठेवायच्या) खात्यांचं एकत्रित विवरणही पॅनवरूनच ईमेलवर येतं. ते छापून वहीत चिकटवलं की त्या बाजूचं काम संपलं.

आता देणी. ही पानं लिहायला जड जातात, पण सोडू नका. गृहकर्ज सगळ्यांच्या लक्षात असतं. सोनेतारण, क्रेडिट कार्ड, मोबाइलवर घेतलेलं छोटं कर्ज, भिशीत उचललेली पाळी, भावाकडून घेतलेले हातउसने, हे राहून जातं. तुम्ही दुसऱ्याला दिलेले हातउसनेही लिहा. आणि कुणाला जामीन राहिला असाल तर ते नक्की लिहा. आपल्याकडे मित्राच्या, साडूच्या, सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे शब्द पाळणं समजतात. घरी सांगितलेलं नसतं आणि एक दिवस वसुलीची नोटीस येते. वारसांच्या माहितीसाठी एक गोष्ट: गेलेल्या माणसाचं देणं वारसांकडून वसूल होतं ते त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. त्यांच्या स्वतःच्या कमाईवर त्याचा बोजा येत नाही. वसुलीला आलेला माणूस हे आपणहून सांगत नाही.

आपल्या नावावर कोणती कर्जं दिसतात ते पडताळायला सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा. न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

वहीत पासवर्ड, पिन, ओटीपी यांतलं काहीही लिहायचं नाही. कुठे, कुणाच्या नावावर, खात्याचे शेवटचे चार आकडे, नॉमिनी कोण आणि मूळ कागद कुठे ठेवलाय, एवढं पुरे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

लग्नात दाराशी आहेर घ्यायला एखाद्या विश्वासू माणसाला बसवतात. तो पाकिटं घेतो, वहीत नावं लिहितो, पिशवी सांभाळतो. कार्य संपल्यावर पिशवी घरच्यांच्या हवाली करतो. पाकिटं त्याच्या हातात असली तरी त्याची नसतात. नॉमिनीचं काम हेच. बँकेला कुणाच्या तरी हातात पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं, तो हात म्हणजे नॉमिनी. पैसा कुणाचा, हे ठरवतं मृत्युपत्र, आणि ते नसेल तर वारसा कायदा.

हा प्रश्न शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत बरीच वर्षं वादात होता. त्याचा निकाल लागला तो एका मराठी घराच्या निमित्ताने. दर नव्या वर्षी आपल्या भिंतीवर येणाऱ्या कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकींवरून नॉमिनी आणि वारस यांच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला. तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी कायद्याखालचा नॉमिनी हा शेअरचा मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदाच चालतो. दहा वर्षं लागली. ज्यांनी घराघरांत तिथी-वार पोचवले, त्यांच्याही घरचा हा प्रश्न सुटायला दहा वर्षं लागली, मग आपल्या घरचं काय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

मग नॉमिनी कशाला लावायचा? कारण तो नसेल तर पैसा हातातच येत नाही. नॉमिनी असेल तर बँकेत मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि अर्ज एवढ्यावर काम होतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांची संमतिपत्रं आणि हमीपत्र लागतं. रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल, तर न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचं प्रमाणपत्र आणावं लागतं. काकांच्या पतसंस्थेतल्या ठेवींना नॉमिनी लावलेलाच नव्हता. आमचे चौदा महिने मुख्यतः तिथे गेले.

याच्या उलट एक खातं होतं काका आणि मावशी दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीचं. ते मावशीने एका फेरीत स्वतःच्या नावावर करून घेतलं. म्हणून घरखर्चाचं खातं तरी दोघांच्या नावावर ठेवा. एकट्याच्या नावावरच्या खात्यातून तो माणूस गेल्यावर कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका. अडचणीत अनेक घरं तसं करतात, पण पुढे एखाद्या वारसाने विचारलं तर उत्तर देता येत नाही.

नॉमिनीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. बँकेच्या ठेवीला पूर्वी एकच नॉमिनी लावता येई. १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत लावता येतात. त्यांना एकाच वेळी टक्केवारीने वाटा देता येतो, किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो. क्रम लावला तर पहिला हयात नसला तरच दुसऱ्याचा नंबर. लॉकरला मात्र फक्त क्रमच चालतो, कारण लॉकरमधल्या बांगड्यांची टक्केवारी बँक कशी करणार? म्युच्युअल फंड आणि डिमॅटमध्ये आता दहापर्यंत नॉमिनी लावता येतात.

पीएफचा नियम कडक आहे. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न झाल्याबरोबर रद्द ठरतं, नवीन करावंच लागतं. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागताना भावाचं नाव टाकलं, मग लग्न झालं, दोन मुलं झाली आणि फॉर्म तसाच राहिला. असे किती जण असतील? कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्या माणसाला पीएफचा नॉमिनी करता येत नाही आणि भाऊ त्या व्याख्येत बसत नाही. हे काम आता घरबसल्या होतं. पीएफच्या सदस्य संकेतस्थळावर यूएएनने (आपल्या पीएफच्या कायम क्रमांकाने) लॉगिन करून ई-नॉमिनेशन भरायचं आणि आधारने सही करायची. अर्ध्या तासाचं काम आहे. ग्रॅच्युइटीचा फॉर्म मात्र वेगळा असतो, तो कार्यालयात मागा.

आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुलं यांना नॉमिनी केलं तर ते 'लाभार्थी' नॉमिनी मानले जातात, नुसते पाकिटं घेणारे नाहीत. तरी त्यावरूनही वारस न्यायालयात गेले आहेत, त्यामुळे मृत्युपत्रातही तेच नाव असावं. व्यवसाय करणाऱ्यांनी १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा माहीत करून घ्यावा. नवा विमा घेतानाच या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे पॉलिसी केली, तर त्या पैशाला सावकार किंवा बँक हात लावू शकत नाही. धंद्यात कर्ज झालं तरी मुलांचं शिक्षण थांबत नाही. एजंट क्वचितच हे सुचवतात. विमा घेताना त्यासाठी फक्त एक वेगळा फॉर्म भरावा लागतो.

आणि फ्लॅट. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे घर त्या माणसाचं झालं, ही समजूत मुंबई-पुण्यात घट्ट बसलेली आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात. खरा वारस मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातल्या कायदेशीर वाटणीवरून ठरला, की त्याचं नाव लागतं. गावाकडच्या जमिनीला तर नॉमिनी ही गोष्टच नाही. तिथे वारस नोंद करून फेरफार मंजूर झाला की सात-बारावर नाव चढतं. आजोबांचं नाव अजून सात-बारावर असेल, तर ते काम आधी घ्या. प्रत्येक पिढीबरोबर वारसांची यादी लांबत जाते आणि सह्या गोळा करणं अवघड होत जातं.

मृत्युपत्राला इतकं का घाबरतो आपण

घरात मृत्युपत्राचा विषय काढला की थोरली माणसं म्हणतात, "शुभ बोल रे." मला ती भावना कळते. पण मृत्युपत्र केलं नाही, तर आपल्या वतीने कायदा ते लिहितो आणि त्याचं लिहिणं आपल्या मनासारखं असेलच असं नाही.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटे मिळतात. पत्नी, दोन मुलं आणि आई असतील तर चौघांना पाव-पाव. "बायकोलाच जाणार की सगळं," असं जे नवरे निर्धास्तपणे म्हणतात, त्यांनी हे एकदा वाचावं. आणि वडील या पहिल्या यादीत नाहीतच. वृद्ध वडील मुलावर अवलंबून असतील आणि मुलगा आधी गेला, तर पहिल्या यादीतलं कुणी हयात असताना मृत्युपत्राशिवाय त्यांच्या हातात काही येत नाही.

बाईच्या बाबतीत कायदा आणखी वेगळा आहे, आणि हा भाग वाचून मी बराच वेळ गप्प होतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी मुलं आणि पती यांना जाते. ते कुणीच नसतील तर पतीच्या वारसांना. तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा क्रमांक त्यानंतर. १९५५ मध्ये एका मुलीचं लग्न झालं आणि तीन महिन्यांत पती सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी राहिली, शिकली, नोकरी केली, बँकेत आणि पीएफमध्ये चांगले पैसे साठवले. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ती सगळी कमाई तिच्या माहेरच्यांना नाही, पतीच्या बहिणीच्या मुलांना जाईल. सहानुभूती वेगळी आणि कायदा वेगळा, असा त्या निकालाचा आशय होता. तिने एका कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर हे घडलं नसतं. कमावणाऱ्या प्रत्येक मुलीला, विधवेला, घटस्फोटितेला, एकटीने राहणाऱ्या बाईला मी हात जोडून सांगतो, तुमचं मृत्युपत्र नवऱ्याच्या किंवा भावाच्या आधी करा.

ते करणं सोपं आहे. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलं तरी चालतं. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवली तर पुढचे वाद कमी होतात. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान असावेत आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. वय झालेलं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. मन बदललं तर नवं करा, शेवटचं ते खरं.

दोन अपवाद ध्यानात ठेवा. गोव्यात वारसाहक्क पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्याच्या परंपरेने चालतो आणि आता त्यासाठी २०१२ चा कायदा आहे. तिथे साधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता समाईक, अर्धी-अर्धी. आपल्या अर्ध्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. मृत्युपत्रही नोटरीसमोर करण्याची तिथली रीत आहे. मुस्लिम कुटुंबांत साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच मृत्युपत्र करता येतं, बाकीची ठरलेल्या हिश्श्यांनी जाते. अशा वेळी तिथल्या जाणत्या वकिलाला विचारूनच लिहावं.

विसरलेला पैसा आणि धोक्यातला पैसा

बचत खात्यात दोन वर्षं आपण काही व्यवहार केला नाही, की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. घाबरू नका, तिथे गेलेला पैसाही मागता येतो, मूळ बँकेतच अर्ज करायचा. कुठे पडून आहे हे शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे संकेतस्थळ ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे. नाव आणि पॅनसारखी एखादी ओळख टाकली की अनेक बँकांमध्ये एकदम शोध होतो. गेलेल्या आई-वडिलांच्या नावाने एकदा शोधून बघा. शेअरवरचा लाभांश सात वर्षं घेतला नाही तर तो आयईपीएफ या सरकारी निधीत जातो आणि पाठोपाठ शेअरही जातात. म्युच्युअल फंडातल्या जुन्या, विसरलेल्या गुंतवणुकी शोधायला सेबीच्या, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने 'मित्र' ही सोय झाली आहे.

आता पैसा ठेवलाय कुठे, ते. बँक बुडाली तर ठेव विम्यातून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच मिळतात, व्याज धरून. त्याच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या असल्या तरी हिशेब एकच. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आधी फक्त १,००० रुपये काढता येत होते आणि विम्याची मर्यादा १ लाखच होती. ती ५ लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. मुंबईतल्या त्या रांगा आठवतात ना? निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी त्या एका बँकेत होती.

पतसंस्थेला तर हे ५ लाखांचं संरक्षणही नाही. फलकावर 'सहकारी' लिहिलेलं असतं, चेअरमन ओळखीचे असतात, व्याज एक-दीड टक्का जास्त असतं आणि माणूस विसरतो की ही बँक नाही. पतसंस्थांनी गावोगावी लोकांना अडीनडीला उभं केलंय, हेही मी पाहिलंय. पण निवृत्तीचा सगळा पैसा तिथे ठेवू नका. वहीतल्या प्रत्येक ठेवीपुढे बँक की पतसंस्था, हे लिहा आणि बेरीज करा. ५ लाखांच्या वरचा आकडा एकाच नावापुढे दिसला, तर पुढची पावती दुसरीकडे.

मार्चची घाई

मार्चमध्ये करासाठी विमा घ्यायचा, ही सवय आता सोडायला हवी. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही, पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंत. आणि या पद्धतीत विमा, पीपीएफ वगैरेंवरची दीड लाखाची वजावट ('८० सी' म्हणून ओळखली जाणारी) मिळतच नाही. मग कर वाचवण्यासाठी वीस वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी घेऊन नेमकं वाचलं काय? जुनी पद्धत तुम्हाला परवडत असेल तर गोष्ट वेगळी, आधी दोन्हींनी हिशेब करून बघा.

पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरले नाहीत तर खातं बंद पडतं. सुकन्या समृद्धीत ही रक्कम २५० आहे. ३१ मार्चच्या आत तेवढं तरी भरा. पीपीएफचं व्याज दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजतात. म्हणून वर्षाची दीड लाखाची रक्कम एकदम भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा. ७.१ टक्के दराने एका महिन्याच्या चुकीचे सुमारे ८८७ रुपये जातात.

आरोग्य विमा नसेल तर तो घ्या आणि फॉर्मवर साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, जे असेल ते खरं लिहा. आधीच्या आजारांसाठी वाट बघायला लावण्याची मुदत आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. लपवलं तर दावा नाकारला जातो, आणि तोही माणूस दवाखान्यात असताना. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर एसआयपी वाढवण्याआधी ती फेडा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. इतका परतावा कुठली गुंतवणूक खात्रीने देत नाही.

मावशीने पुढच्या पाडव्याला स्वतःची वही लिहिली. लिहिताना तिने मला फोन केला. "मुलाचं नाव घातलं तर मुलीला वाईट वाटेल, मुलीचं घातलं तर सुनेला." आधीच्या नियमात तिला एकाच ठेवीवर दोघांची नावं घालता येत नव्हती, म्हणून तिने ठेवी वेगळ्या केल्या होत्या. आता तिने दोघांना पन्नास-पन्नास टक्के लावलेत. दोघांना एकत्र बसवून वही वाचून दाखवली आणि मगच मृत्युपत्रावर सही केली. कुणी काही बोललं नाही. मुलगी उठून चहा करायला गेली.

वही झाली की पहिल्या पानावर तारीख घाला. ती कुठे ठेवलीय हे दोन माणसांना सांगा, एक घरातला आणि एक घराबाहेरचा. मूळ मृत्युपत्रही त्याच जागी असू दे. बँकेच्या लॉकरमध्ये दोन्हीही ठेवू नका. तुम्ही नसताना तो लॉकर उघडायचा कसा आणि कुणी, हे त्या वहीतच लिहिलेलं असणार.